मुलींची ब्रांच

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. त्यांच्या परवानगीने विषय थोडा मागे नेते, बारावीच्या निकालानंतरच्या पंधरा दिवसांपर्यंत. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता त्या वयाची आहेत. त्या दिवसांत घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं, “मुलगी आहे, तिला कॉम्प्युटरच बरं.”

मी स्वतः कॉम्प्युटरवालीच. या शाखेने मला वीस वर्षं काम दिलं, आनंदही दिला. माझी तक्रार शाखेबद्दल नाही, त्या ‘च’बद्दल आहे.

आपल्या वर्गात गणितात पुढे कोण होतं, आठवा. पहिल्या तिघीही मुली, आणि त्यात मी कायम तिसरी. पहिल्या दोघी आज इथे समोर बसल्या आहेत. एक डी.एड. करून शिक्षिका झाली आणि उत्तम शिकवते. दुसरीचं बारावीनंतर लग्न झालं. आज ती घरच्या आंब्याचा सगळा व्यवहार, फवारणीपासून पेट्यांच्या हिशेबापर्यंत, एकहाती बघते. दोघींना विचारूनच सांगते, इंजिनीअरिंगचा फॉर्म त्यांच्या घरी आलाच नाही. कुणी नको म्हटलं असतं तर निदान वाद तरी झाला असता. तिथे विषयच निघाला नाही. माझा फॉर्म आला, कारण रत्नागिरीला पॉलिटेक्निकला असलेल्या आतेभावाने चौकशी करून तो आणून दिला. एवढाच काय तो फरक.

कॉलेजात पहिल्या वर्षी वर्कशॉप सगळ्यांनाच असतं. फिटिंग, सुतारकाम, लोहारकाम. मुली मोजक्याच. हातात कानस घेतली की कुणीतरी म्हणायचं, “राहू दे, तुझा जॉब मी करून देतो, तू माझं जर्नल लिही.” सौदा दोघांनाही सोयीचा वाटायचा. पण चार वर्षं हेच चाललं की मुलाच्या हाताला यंत्र कळतं आणि मुलीच्या हाती सुवाच्य अक्षर उरतं. मग तीच माणसं म्हणतात, मुली प्रॅक्टिकलला कच्च्या, घोकून मार्क मिळवतात. मुलगा नापास झाला तर ‘डोकं आहे, पण अभ्यास करत नाही’, आणि मुलगी पहिली आली तर ‘फार कष्टाळू आहे हो’. त्यात आम्ही मराठी माध्यमाच्या आणि गावच्या, म्हणजे आणखी दोन शिक्के. मुलगेही यातून सुटत नाहीत. चांगल्या मार्कांच्या मुलाने नर्सिंगला जातो म्हटलं, तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरते.

खरं तर इतिहास वेगळंच सांगतो. १९४३ साली मद्रासच्या गिंडी कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनीअर झालेल्या ए. ललिता या देशातल्या पहिल्या महिला इंजिनीअरांपैकी एक. अठराव्या वर्षी वैधव्य आलं, पदरी तान्ही मुलगी, आणि त्यानंतर हे शिक्षण. १९४६ साली अमेरिकेत एनिॲक हा संगणक जगासमोर आला, तेव्हा त्याचं प्रोग्रामिंग करणाऱ्या सहा जणी होत्या. म्हणजे बाईला यंत्र कळतं की नाही, हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला होता.

आपल्या जिल्ह्याला तर हे सांगायलाच नको. दापोलीजवळच्या मुरूडचे महर्षी कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. १८९६ साली त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी पुण्यात काम सुरू केलं. त्यातूनच वाढलेल्या संस्थेने १९९१ साली पुण्यात फक्त मुलींचं कमिन्स इंजिनीअरिंग कॉलेज काढलं.

आज दारं बरीच उघडली आहेत. राज्यात इंजिनीअरिंगच्या ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. आयआयटीत मुलींचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली होतं, म्हणून २०१८ पासून तिथे मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या मागास, ओबीसी आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण फी माफ केली. आणि दहावीच्या निकालात कोकण विभाग तर वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, त्यातही मुली पुढे.

पण राखीव जागेवर मुलगी आली नाही, तर ती जागा मुलाला जाते. मेकॅनिकलच्या वर्गात साठात चार-पाच मुली दिसतात, त्या जागा नव्हत्या म्हणून नव्हे. घरातल्या ‘च’ला सरकारी नियमात औषध नाही.

आपल्याकडेच बघा ना. काजूच्या कारखान्यात, आंब्याच्या कॅनिंगमध्ये यंत्रावर उभ्या असतात त्या बायकाच. यंत्र बंद पडलं की मात्र दुरुस्तीला माणूस शोधत रत्नागिरीला फोन जातो. त्या यंत्राचा आवाज बदलला हे सगळ्यात आधी कळतं ते त्याच बाईला. तिच्या मुलीने ते उघडून दुरुस्त करावं, यात अघटित काय आहे?

हे सगळं आज बोलण्याचं कारण सांगते. आंब्याचा व्यवहार बघणाऱ्या आपल्या मैत्रिणीची मुलगी यंदा बारावीला आहे. बागेतला पंप बिघडला तर आधी ती उघडून बघते, मग मेकॅनिकला बोलावतात. तिला मेकॅनिकल हवं आहे. घरात काळजी आहे, कारखाना लांब, रात्रपाळी, मुलगी एकटी कशी राहील? ही काळजी खोटी नाही. पण हे प्रश्न हॉस्टेलचे, बसचे आणि पाळीच्या वेळेचे आहेत. शाखा बदलून ते सुटत नाहीत. आयटीतही रात्रपाळी असते, मी कित्येक वर्षं केली आहे. तिने मेकॅनिकलच घ्यावं असं मी म्हणणार नाही, नाहीतर माझाही एक ‘च’ झाला. तिच्या घरी निदान विषय तरी निघाला, वाद तरी होतोय, याचा मला आनंद आहे. निर्णय तिचा तिला करू द्या.

आपण काय करू शकतो? आपल्यातल्या काहींची गॅरेजं आहेत, फॅब्रिकेशनची शेड आहे. मे महिन्यात चार दिवस शाळेतल्या मुलींना तिथे येऊ द्या, आणि नुसतं बघायला नको, पाना हातात द्या. मेळाव्याच्या निधीतून दरवर्षी नववी-दहावीच्या मुला-मुलींना एक दिवस रत्नागिरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या आणि पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये नेऊ. एसटीचं भाडं मी देते. आणि गुरुजनांना एक विनंती. निकालानंतर पेढे घेऊन येणाऱ्या मुलीला ‘पुढे काय ठरवलं?’ असं विचारण्याआधी ‘तुला काय आवडतं?’ एवढं विचारा. तुमच्या प्रश्नाला घरात अजूनही वजन आहे.