सरासरीची उडी : न्यूयॉर्कच्या शालेय क्रीडासंघाची हकीकत

शाळेच्या वार्षिक क्रीडादिनाची आठवण झाली की माझ्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती मैदानावरची चुन्याची रेघ आणि तिच्यामागे मांडी घालून बसलेली आम्ही मुले. धावणारे पाचसहा, टाळ्या वाजविणारे तीनशे. मी दुसऱ्या वर्गातला. साऱ्या शालेय आयुष्यात मी किती लांब उडी मारू शकतो हे मला कोणी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर ते मलाही ठाऊक नव्हते. कपाटातली ढाल मात्र आमच्या सर्वांची समजली जाई.

म्हणूनच न्यूयॉर्क शहरातील सरकारी शाळांच्या क्रीडासंघाचा इतिहास वाचताना मी एका जागी थबकलो. तीच जागा आज आपणांस दाखवावयाची आहे.

हा संघ १९०३ साली स्थापन झाला. त्याचा प्रवर्तक डॉ. ल्यूथर गुलिक हा त्याच वर्षी शहरातील शाळांचा व्यायामप्रमुख झाला होता. गुलिकचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. परंतु १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील शिक्षणसंस्थेत असताना, हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असा काही खेळ शोधून काढ, असे त्याने जेम्स नेस्मिथ या आपल्या सहकाऱ्याला फर्माविले आणि त्यातून बास्केटबॉल जन्माला आला, एवढे सांगितले म्हणजे ओळख पुरे. संघाचे अध्यक्षपद जनरल जॉर्ज विंगेट यांच्याकडे होते. हे गृहस्थ अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले, १८७१ साली राष्ट्रीय रायफल संघटना काढणाऱ्यांपैकी एक. त्यामुळे पुढे शाळकरी मुलांच्या हाती नेमबाजीची साधने आली यात नवल नाही. शिक्षणमंडळाने संघाला मान्यता दिली, पैसा मात्र शहरातील धनिकांचा. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या भव्य सभागृहात पहिले सामने झाले आणि एक हजाराहून अधिक मुले त्यांत उतरली.

हजार हा आकडा मोठा खरा. पण शहरात मुले लाखांनी होती. इटलीतून, रशियातून, पूर्व युरोपातून आलेल्या निर्वासित व मजूर कुटुंबांची ही मुले चाळींतून दाटीवाटीने राहत. खेळायला रस्ता, आणि रस्त्यावर पोलीस. त्या काळी बहुतेकांचे शिक्षण प्राथमिक वर्गांतच संपे. हायस्कूलपुरता संघ काढला असता तर ही सारी मुले बाहेरच राहिली असती. म्हणून त्यात प्राथमिक शाळाही घेतल्या. अभ्यासात व वर्तणुकीत समाधानकारक शेरा असल्याखेरीज भाग घेता येत नसे, हा नियम मास्तरांना विशेष प्रिय असणार.

आता ती थबकण्याची जागा. संघाने 'वर्गाची चढाओढ' म्हणून एक प्रकार काढला. वर्गातील निदान शेकडा ८० मुलांनी उतरले पाहिजे, आणि जिंकायचे ते सर्वांच्या कामगिरीच्या सरासरीवर! शरदात उभ्या जागेवरून लांब उडी, हिवाळ्यात आडव्या दांड्याला लोंबकळून हनुवटी दांड्याला भिडविणे, वसंतात धावणे. पहा, यांतल्या पहिल्या दोहोंना मैदान लागत नाही. उडीला चार हात जमीन, दुसऱ्याला एक दांडा. चाळीस मुलांचे मोजमाप आटोपशीर वेळात होते. धावण्यात सर्वांचा मिळून लागलेला वेळ मुलांच्या संख्येने भागावयाचा.

गणित साधे आहे, पण ते वर्गात काय करते ते पाहा. दांड्यावर पंधरा वेळा चढणाऱ्या मुलाने सोळावी खेप मारली तर वर्गाला एकाची भर. ज्याला एकदाही चढता येत नाही अशा लठ्ठ किंवा अशक्त मुलाने एकदा हनुवटी टेकविली तरी भर तेवढीच! आणि सोळाव्या खेपेपेक्षा ही पहिली खेप शिकविणे पुष्कळदा सोपे असते. साहजिकच मास्तरांची आणि सोबत्यांची नजर त्या दुबळ्या मुलाकडे वळते. ती नेहमी मायेचीच असेल असे मी म्हणत नाही. सरासरी खाली ओढणाऱ्याला वर्गात काय काय ऐकावे लागते याची कल्पना आपण करू शकता. शिवाय शेकडा ८० याचा दुसरा अर्थ असा, की चाळीसांतले आठ वगळता येतात. आणि ते आठ कोण असतील हे सांगायला ज्योतिषी नको. तरीही बत्तीस मुले चुन्याच्या रेघेच्या अलीकडे आली, हे मला थोडे वाटत नाही.

मुलींसाठी १९०५ साली वेगळी शाखा निघाली. एलिझाबेथ बर्शेनल या बाईंनी तिची सूत्रे हाती घेतली. खेळ सर्व मुलींसाठी, हे तिचे ब्रीद. पण शाळा-शाळांमधील सामने मुलींना वर्ज्य. त्याऐवजी देशोदेशींची लोकनृत्ये. सेंट्रल पार्कच्या हिरवळीवर हजारो मुली एका वेळी नाचत. तो देखावा मनोहर असेल यात शंका नाही. परंतु जिंकण्याची हौस मुलींना शोभत नाही, ही समजूत त्या हिरवळीखाली पुरलेली होती, आणि ती उकरून काढायला पुढे अनेक दशके लागली.

हा संघ आजही आहे. आता तो हायस्कुलांचा आहे, आणि त्यात निवडक संघांचे सामने चालतात. सरासरीच्या उडीचे नाव त्यात उरलेले नाही. २०१८ साली शहरातील कृष्णवर्णीय व लॅटिनो विद्यार्थ्यांच्या वतीने न्यायालयात दावा दाखल झाला : आमच्या शाळांना इतरांच्या मानाने फार थोडे क्रीडासंघ मिळतात, आम्हाला खेळायला संघच नाही. पुढे तडजोड झाली आणि संघांची संख्या वाढविण्याचे शहराने मान्य केले. मुलांची मागणी काय होती, तर रेघेच्या अलीकडे येऊ द्या.