दुष्काळातली लेकरे आणि केडगावचा आश्रम



आपल्या धर्माबादेहून नांदेडमार्गे पुण्याला रेल्वेने निघालात, की दौंडच्या पुढे केडगाव नावाचे लहानसे स्टेशन लागते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या गावी हजारो पोरक्या मुलींना आसरा मिळाला. ती हकिकत आज सांगतो. दुष्काळ म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून घरोघर आहेत. पण दुष्काळात आईबाप गेले तर मागे राहिलेल्या लेकरांचे काय होते, हा विचार आपण फारसा करीत नाही.

हा विचार पंडिता रमाबाईंनी केला, कारण तो भोग त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आला होता. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान, पुराण सांगत गावोगाव फिरणारे. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेकडे दुष्काळ पडला आणि आई, वडील, थोरली बहीण अशी तिघे एकामागून एक गेली. उरली ती रमा आणि तिचा भाऊ. दोघांनी झाडपाला खाऊन दिवस काढले, शेकडो कोस पायपीट केली. १८७८ साली ती कलकत्त्यास पोचली, तेव्हा तिच्या संस्कृत ज्ञानावर थक्क होऊन तिथल्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे लग्न झाले, पण दोन वर्षांच्या आतच पती निवर्तले. पदरात तान्ही मनोरमा. रमाबाई इंग्लंडला गेल्या, १८८३ साली ख्रिस्ती झाल्या, अमेरिकेत व्याख्याने देऊन पैसा जमवला आणि १८८९ साली मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले. दुसऱ्याच वर्षी ते पुण्यास नेले.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बाया घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग सुरू झालेला. इतकी माणसे शहरात ठेवायची सोय नाही. केडगावला त्यांनी शाळेच्या खर्चाला हातभार म्हणून फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. तिथेच तंबू आणि झोपड्या उभारून मुलींना ठेवले. ‘मुक्ती’ची सुरुवात झाली ती अशी. १९०० च्या दुष्काळात रमाबाईंनी आश्रमात तयार झालेल्या बायकांनाच गुजरातकडे मुली आणायला पाठवले. म्हणता म्हणता आश्रमातली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

आता शिक्षक मित्रांनी जरा लक्ष द्यावे. एवढ्या मुलींना नुसते जेवू घालून बसवून ठेवले असते तर काय झाले असते? भीक घालणारे हात थकले की त्या पुन्हा रस्त्यावर आल्या असत्या. रमाबाईंनी तसे केले नाही. विहिरी खणल्या, शेती केली, माग लावले. शिवणकाम, तेलाचा घाणा, गाईगुरे अशी कामे मुलींना शिकवली. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकवली. छापखान्यात बायकाच खिळे जुळवायच्या. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. आपल्या जुन्या निजामी मुलखालाही या कामाचा हात लागला. १९१२ च्या सुमारास मनोरमाबाईंनी गुलबर्ग्याला मुलींची शाळा चालवली.

या कामावर टीका झाली नाही असे नाही. आधार देताना धर्मही दिला जातो, असा आक्षेप पुण्यात निघाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडली. हा आक्षेप फुंकर मारून उडवण्याजोगा नव्हता. निराधार लेकराला स्वतःचे मत कुठून असणार? पण दुसरी बाजूही खरी, की दुष्काळी मुलखात त्या पोरींना उचलायला आक्षेप घेणाऱ्यांपैकी फारसे कुणी गेले नव्हते. ज्याला पद्धत पसंत नसेल त्याने आपल्या पद्धतीने तेच काम करून दाखवावे, हे बरे.

तसे ते पुढे झालेही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हा भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले पुण्याला नेऊन शिकवली. आफ्रिकेत एड्सच्या साथीने लाखो मुले पोरकी झाली. तिथे चर्चची मंडळी आणि इतर संस्था पुढे आल्या. पण खरा भार उचलला तो गावातल्या म्हाताऱ्या आजींनी. त्यातून एक गोष्ट जगाला पटली. मूल होता होईतो आपल्या माणसांत, आपल्या गावात राहावे, आणि मदत त्या घरापर्यंत पोचावी. आपला २०१५ चा बालन्याय कायदाही आधी कुटुंब आणि मग संस्था असेच सांगतो.

म्हणून गावकऱ्यांना माझे सांगणे असे. कर्जापायी बाप गेलेले, आजीजवळ वाढणारे पोर तुमच्या गल्लीत असेल. ‘बिचारं’ म्हणून हळहळू नका. सावित्रीबाई फुले यांच्या नावाची बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिची रक्कम दरमहा २२५० रुपये झाली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा. आजीला लिहिता येत नसेल तर गुरुजींनी अर्ज लिहून द्यावा, सरपंचांनी कागद जमवून द्यावेत. मूल संकटात दिसले तर १०९८ या क्रमांकावर फोन करावा, पैसे पडत नाहीत. आणि गुरुजी, हजेरी घेताना आठ दिवस जे नाव रिकामे राहते, त्या घरी संध्याकाळी एकदा जाऊन या. मिरच्या खुडायला किंवा ऊसतोडीला गेलेले पोर परत वर्गात बसवायचे असेल, तर पहिले पाऊल तुम्हालाच टाकावे लागेल.