पफ-पफ : एक परदेशी गोड पदार्थ
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही. पण एखादा पदार्थ सांगा म्हटल्यावर नाही म्हणवेना.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षे नायजेरियात, लेगॉस शहरी राहत होतो. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या योरुबा बाईंनी झाकलेली थाळी आणून दिली. आत तळलेले तांबूस गोळे होते. यात अंडे असेल, चरबी असेल, असे मनात येऊन मी थाळी तशीच परत केली. बाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला.

पुढे आमचा धाकटा त्यांच्याकडे खेळायला गेला आणि तेच गोळे खाऊन आला. मी घाबरून विचारायला गेले. बाईंनी मला स्वयंपाकघरात नेले आणि एकेक जिन्नस पुढे मांडला. मैदा, साखर, यीस्ट, मीठ, जायफळ, पाणी आणि तळायला तेल. अंड्याचे नावही नव्हते! मला अगदी ओशाळल्यासारखे झाले.

त्या दिवशी शिकलेली कृती सांगते. पाव किलो मैद्यात 75 ग्रॅम साखर, एक लहान चमचा कोरडे यीस्ट, चिमूटभर मीठ व थोडे किसलेले जायफळ घालावे. सुमारे पाव लिटर कोमट पाण्याने हातानेच फेसावे. पाणी कढत असेल तर यीस्ट मरते व पीठ फुगत नाही. पीठ भज्यांच्या पिठाहून घट्ट व चिकट हवे. झाकून उबेला तासभर ठेवावे. दुप्पट होऊन जाळी पडते. मग मध्यम आचेवर भरपूर तेलात तळावे. आच मोठी झाली की वरून करपते व आत कच्चे राहते.

खरे कसब गोळा सोडण्यात आहे. पीठ मुठीत घेऊन मूठ आवळली, की अंगठा व तर्जनीमधून गोळा वर येतो. तो तेलात सोडावा. माझ्या गोळ्यांना शेपट्या फुटत. बाई हसत आणि माझी मूठ आपल्या हातात धरून दाबून दाखवीत. मला इंग्रजी बेताचेच, पण काही अडले नाही.

घानात यालाच बोफ्रोट म्हणतात. कॅमेरूनमध्ये हे घेवड्याच्या उसळीसारख्या कालवणाबरोबर खातात. नायजेरियात लग्नकार्यात पाहुण्यांना जी खाऊची ताटली देतात, तिच्यात पफ-पफशेजारी चक्क समोसा असतो!

आपल्याकडे शेजारणीचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. मी तर भरलेले परत केले होते. नंतर शंकरपाळ्यांनी भरून थाळी पाठवली, तेव्हा कोठे मनाला बरे वाटले.

आज अल्पोपाहारात हे गोळे ठेवले आहेत. शंका आली तर खुशाल विचारा, पण थाळी परत करू नका. इतके बोलून मी आपली रजा घेते.