बसण्याचा हक्क आणि कार्यसंस्कृती

(महाराष्ट्रातून अभ्यासदौऱ्यावर आलेल्या विद्यार्थ्यांसमोर तंजावर येथे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज सकाळी आपण बृहदीश्वर मंदिर पाहिले. उंच शिखराकडे पाहताना भिंतींवरील तमिळ शिलालेखांकडे आपले कदाचित दुर्लक्ष झाले असेल. राजराज चोळाच्या एकोणतिसाव्या राजवर्षातील, म्हणजे इ. स. १०१४ च्या सुमाराच्या एका लेखात मंदिराच्या सेवेतील ४०० नर्तकींची नावे कोरलेली आहेत. प्रत्येकीला कोणत्या ओळीतील कितवे घर दिले, हे त्यात आहे. वर्षाला १०० कलम साळ हा प्रत्येकीचा वाटाही नमूद आहे. सेवेकरी मरण पावल्यास त्याच्या जागी कोणी यावे, याचाही नियम आहे. नाव, निवास, वेतन आणि उत्तराधिकार यांची इतकी काटेकोर नोंद हजार वर्षांपूर्वी झाली, ही गोष्ट लहान नाही. या स्त्रियांना निरनिराळ्या मंदिरांतून येथे आणले होते. त्यांचे स्वतःचे म्हणणे मात्र त्या लेखात कोठेही नाही.

आजच्या विषयाचा गाभा नेमका येथेच आहे. कर्मचाऱ्यांसाठी व्यवस्था करणे ही एक गोष्ट आणि कर्मचाऱ्यांना विचारून व्यवस्था करणे ही दुसरी. दुसऱ्या पद्धतीला मानवकेंद्री रचना असे म्हणतात. संगणकाधारित प्रणालींसाठी तिचे आंतरराष्ट्रीय मानक प्रथम १९९९ साली आले. त्यातील तत्त्व सोपे आहे. वापरणाऱ्या माणसाचे निरीक्षण करावे, त्याची गरज समजून घ्यावी, उपाय लहान प्रमाणावर करून पाहावा आणि अनुभवानुसार सुधारावा. हेच तत्त्व कामाच्या ठिकाणी लावले, तर कर्मचाऱ्याचा संपूर्ण दिवस हाच रचनेचा विषय ठरतो.

काल सायंकाळी मी येथील एका साड्यांच्या दुकानात गेलो होतो. विक्रेत्या तरुणीच्या मागे एक स्टूल होते. परंतु त्यावर साड्यांचे गठ्ठे रचलेले होते. दुभाष्यामार्फत विचारले असता ती हसली. गिऱ्हाईक नसतानाही ती उभीच होती. दुकानात स्टूल होते, म्हणजे कायद्याचे पालन झाले होते. त्यावर बसण्याची मुभा मात्र तिला मिळालेली नव्हती.

तो कायदा कोणता? सप्टेंबर २०२१ मध्ये तमिळनाडू विधानसभेत १९४७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात दुरुस्ती करणारे विधेयक मांडण्यात आले. त्यायोगे कलम २२-अ समाविष्ट झाले. प्रत्येक आस्थापनेत सर्व कर्मचाऱ्यांसाठी योग्य आसनव्यवस्था असावी आणि कामाच्या ओघात संधी मिळेल तेव्हा त्यांना बसता यावे, असे हे कलम सांगते. त्यापूर्वी २०१८ मध्ये केरळने अशीच तरतूद केली होती. तिच्यामागे कापडदुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांचा लढा होता. कोझिकोड येथे पी. विजी यांच्या पुढाकाराने संघटित झालेल्या या स्त्रियांची आरंभीची मागणी स्वच्छतागृहाची होती. बसण्याच्या हक्काची मागणी पुढे आली. गरज काय आहे हे त्यांनी स्वतः सांगितले, हे येथे महत्त्वाचे.

ही कल्पना नवी नाही. ब्रिटनने दुकानांतील स्त्री कर्मचाऱ्यांच्या आसनांसाठी १८९९ मध्येच कायदा केला होता. आपल्याकडे कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४४ मध्ये उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय सांगितलेली होती. तो अधिनियम ज्यात विलीन झाला, ती व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या कलम २४ मध्येही ही सोय आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद ४२ कामाची न्याय्य व मानवी परिस्थिती निर्माण करण्याचे निर्देश देतो. अनुच्छेद ४३-अ, जो १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला, उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाविषयी आहे. हे दोन्ही अनुच्छेद एकत्र वाचले, की मानवकेंद्री कार्यस्थळाची कल्पना आपल्या मार्गदर्शक तत्त्वांतच सापडते.

आता अर्थशास्त्राकडे वळू. स्टुलाची किंमत नगण्य आहे. मग मालक कर्मचाऱ्याला बसू का देत नाही? बसलेला विक्रेता आळशी दिसतो आणि गिऱ्हाईक दुरावते, अशी त्याची समजूत असते. दिवसभर उभे राहिल्याने होणारी कंबरदुखी, पायांची सूज, फुगलेल्या शिरा यांचा खर्च मात्र त्याच्या हिशेबवहीत येत नाही. तो कर्मचाऱ्याच्या घरखर्चात जातो. खर्च एकाने करावा आणि बचत दुसऱ्याची व्हावी, अशा परिस्थितीत बाजार आपोआप सुधारत नाही. तेथे कायद्याचा हस्तक्षेप समर्थनीय ठरतो. शिवाय थकून नोकरी सोडणाऱ्याच्या जागी नवा माणूस शिकवून तयार करावा लागतो. हा खर्च मालकाचाच असतो, परंतु तो वेगळा मांडला जात नसल्याने त्याच्या नजरेस येत नाही.

तथापि, कायदा स्टुलापर्यंत पोहोचवतो. त्यापुढचे अंतर कार्यसंस्कृतीला कापावे लागते. त्या दुकानात आपण काय कराल? प्रथम एक दिवस नुसते पाहा. कोणत्या वेळी गर्दी नसते? गठ्ठे ठेवायला दुसरी जागा आहे का? उंच स्टुलावर बसून साडी दाखवता येईल का? मग विक्रेत्यांशी बोला; तेही मालक समोर नसताना. एका विभागात आठवडाभर बदल करून पाहा आणि ‘स्टूल आहे का’ याऐवजी ‘आज कितीदा बसलात’ हे विचारा. गिऱ्हाईक म्हणून आपलाही वाटा आहे. बसलेल्या विक्रेत्याने उठून उभे राहावे, ही अपेक्षा आपण सोडली पाहिजे.

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जातील. तपासणीच्या नमुन्यात ‘आसनव्यवस्था : आहे’ असे लिहून पुढे जाणे सोपे असते. त्या वेळी मंदिराच्या भिंतीवरील ती चोख नोंदवही आठवा, आणि सही करण्यापूर्वी स्टुलावर गठ्ठे आहेत की माणूस, एवढे पाहून घ्या.