विज्ञानाने देव जातो काय?

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विज्ञानाने व बुद्धीने माणसाची देवावरील श्रद्धा किंवा अश्रद्धा ठरते काय, हा विषय संस्थेने आज आम्हांस दिला आहे. विषय वरवर पाहता सोपा आहे. दिवा लावला की अंधार जातो, तसे विज्ञान आले की देव जातो, असे उत्तर पुष्कळजण चटकन देतील. पण हे उत्तर खरे असते तर विज्ञानाचे पदवीधर जसजसे वाढले, तसतशा देवळांपुढील रांगा कमी व्हावयास हव्या होत्या. तशा त्या झालेल्या नाहीत. म्हणून या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार केला पाहिजे.

प्रथम आपल्याच भाषेतील एक उदाहरण घेऊ. इंग्रज ज्या रोगाला स्मॉलपॉक्स म्हणत, त्याला मराठी माणूस 'देवी' म्हणतो. रोगाचे नावच देवी! अंगावर फोड उठले की घरात देवी आल्या असे म्हणत, आणि लिंबाचा पाला, नैवेद्य व नवस यांवर भिस्त ठेवीत. एकट्या विसाव्या शतकात या रोगाने जगभर सुमारे ३० कोटी माणसांचा बळी घेतला. १७९६ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी गाईंना होणाऱ्या सौम्य रोगाच्या फोडातील द्रव एका मुलाला टोचला व त्यामुळे देवी टळतात हे प्रयोगाने दाखविले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला ही लस यशस्वीपणे टोचण्यात आली. भारतातील ही पहिली यशस्वी लस. २४ मे १९७५ रोजी भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण आढळला, आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. आपल्यातील पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींनी आपला दंड पाहावा. तेथे त्या लढाईची खूण अजून असेल.

रोग गेला. पण देवी गेली काय? नाही. माहीमचे शीतलादेवीचे देऊळ जागच्या जागी आहे आणि तेथे भाविकही आहेत. मात्र देवीच्या रोगातून मूल वाचावे म्हणून आज कोणी नवस बोलत नाही. म्हणजे झाले काय? विज्ञानाने देवाशी वाद घातला नाही. देवाच्या हातातील एक काम तेवढे काढून घेतले. श्रद्धा दुसऱ्या कामाला लागली. नोकरी, परीक्षेचा निकाल, मुलीचे लग्न, कोर्टातील दावा, अशा ज्या ज्या ठिकाणी उद्याची खात्री नाही, तेथे तेथे ती जाऊन बसली. भीती व अनिश्चितता आहे तोवर नुसत्या माहितीने देव जात नाही, हा यातील पहिला धडा.

सामान्य माणसाचे राहू द्या, शास्त्रज्ञांचे काय ते पाहू. १९७९ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक शेल्डन ग्लॅशो, अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग या तिघांना मिळाले. निसर्गातील विद्युतचुंबकीय बल आणि क्षीण बल ही मुळात एकाच बलाची दोन रूपे आहेत, असा त्यांचा सिद्धांत. यांपैकी सलाम हे निष्ठावंत मुसलमान होते, तर वाइनबर्ग हे उघड नास्तिक होते. समीकरण एकच, गणित एकच. पण एकाला त्यात अल्लाची कुदरत दिसली आणि दुसऱ्याला देवाची गरज भासली नाही. विज्ञानच देवाचा निकाल लावीत असते तर या दोघांचे एकमत झाले नसते काय?

याविषयी पाहणीही झालेली आहे. १९१४ साली जेम्स ल्यूबा या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील एक हजार शास्त्रज्ञांना विचारले की, प्रार्थना ऐकणारा देव तुम्ही मानता काय? सुमारे चाळीस टक्क्यांनी होय म्हटले. १९९६ साली एडवर्ड लार्सन व लॅरी विथॅम यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हाही प्रमाण जवळपास तेच निघाले. मधल्या काळात अणू फुटला, माणूस चंद्रावर जाऊन आला. आकडा मात्र हलला नाही. उलट, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्यांत असा देव मानणारे अवघे सात टक्के निघाले. तेव्हा विज्ञानाचा श्रद्धेशी काहीच संबंध नाही असेही म्हणता येत नाही. पण विज्ञानामुळे त्यांची श्रद्धा गेली, की मुळात संशयी असलेलेच तेथवर पोहोचले, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. कार्यकारणाचा शोध घेताना आकड्याचीही उलटतपासणी करावी लागते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता आपल्या देशात या. २१ सप्टेंबर १९९५ हा दिवस वडीलधाऱ्यांना आठवत असेल. गणपती दूध पितो अशी बातमी त्या दिवशी देशभर पसरली, परदेशातही पोहोचली. रांगांतून वकील होते, अधिकारी होते, विज्ञान शिकविणारेही होते. चमच्यातील दूध मूर्तीला टेकताच ते पृष्ठताणामुळे ओढले जाते आणि पातळ थराने मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळते. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून ते सर्वांना दाखविले. पृष्ठताण हा धडा रांगेतील कित्येकांनी परीक्षेसाठी पाठ केलेला होता. पण तो वहीत राहिला. हातात चमचा असताना तो कामी आला नाही.

याच्या उलट चित्र पाहा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने प्रयोगशाळा पाहिली नव्हती. त्यांच्यातील कित्येकांना सहीसुद्धा येत नव्हती. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा त्यांनी घेतल्या. त्यांतील अगदी पहिल्या प्रतिज्ञा ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांना देव न मानण्याच्या आहेत. त्यांनी देव्हारे रिकामे केले. ते कोणत्या विज्ञानाच्या जोरावर?

पदार्थविज्ञानाच्या जोरावर नव्हे. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. महाडच्या तळ्यावर जनावर पाणी पिते, पण आम्ही प्यालो तर तळे बाटते. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० पासून सत्याग्रह करूनही ते दार आम्हांस उघडत नाही. असे असताना हा देव सर्वांचा बाप कसा? हा प्रश्न न्यायाचा होता. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, म्हणून देव गेला. हीच बुद्धी! बुद्धी म्हणजे पदवी नव्हे. समोर दिसते ते आणि सांगितले जाते ते यांतील अंतर मोजण्याचे धैर्य म्हणजे बुद्धी.

भगवान बुद्धांची रीतही हीच आहे. तेविज्ज सुत्तात वासेट्ठ हा तरुण ब्राह्मण ब्रह्मसायुज्याच्या मार्गाविषयी विचारतो. भगवंत त्यालाच उलट विचारतात की, तुझ्या गुरूंपैकी, त्यांच्या गुरूंपैकी, कोणी तरी ब्रह्म्याला प्रत्यक्ष पाहिले आहे काय? कोणीच पाहिलेले नाही, असे निघते. तेव्हा एकमेकांना धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेचा दाखला ते देतात. आणि केसपुत्तच्या कालामांना ते सांगतात की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. त्याच यादीत, केवळ तर्काला पटते म्हणूनही मानू नका, असे आहे. हे आपण बहुधा विसरतो. लोभ, द्वेष आणि मोह वाढतो की घटतो, हे स्वतः पाहून ठरवा, ही त्यांची कसोटी. म्हणजे कोरडा तर्कही पुरेसा नाही. त्याला आचरणाची जोड हवी.

आपल्या राज्यघटनेतही हेच दिसते. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने कलम ५१क मध्ये नागरिकांची कर्तव्ये आली. त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या शेजारीच मानवतावाद लिहिलेला आहे. ही जोडी फोडून चालणार नाही.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. देव्हारा रिकामा झाला, पण मनातील जागा रिकामी झाली काय? परीक्षेच्या दिवशी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून गुण मागणारी मुले आम्ही पाहतो. लग्न बौद्ध पद्धतीने होते, पण तारीख मुहूर्त पाहून ठरते. घर घेताना वास्तुतज्ज्ञाला बोलावले जाते. ज्याने स्वतःला मोक्षदाता म्हणवून घेतले नाही, मी फक्त मार्ग दाखविणारा आहे असे सांगितले, त्यालाच आपण नवसाचा देव करू लागलो तर देव गेला कोठे? त्याने फक्त नाव बदलले. वंदन आम्हीही करतो. ते गुणांना आहे, मागण्यासाठी नाही. हा फरक मुलांना समजावून सांगणे हे पालकांचे काम आहे. ते शाळा करील अशी वाट पाहू नये.

तेव्हा आजच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. विज्ञानाच्या माहितीने श्रद्धा आपोआप जात नाही, आणि देव न मानल्याने माणूस आपोआप विचारी होत नाही. फरक पडतो तो प्रश्न विचारण्याच्या सवयीने, आणि जे उत्तर निघेल त्याप्रमाणे वागण्याने. शेजारी देव मानीत असेल तर त्याच्याशी भांडण्याचे कारण नाही. पण त्याच्या देवाच्या नावाने कोणाचे पाणी तोडले जात असेल, कोणा आजारी मुलाला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेले जात असेल, तर तेथे गप्प बसणे हे बुद्धीचे लक्षण नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, आजोबांजवळ पुस्तक नव्हते, पण प्रश्न होता. तुमच्याजवळ पुस्तक आहे. प्रश्न हरवू देऊ नका, एवढीच विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो.

जयभीम! भवतु सब्ब मंगलं.