कण्यातील वेदना आणि घरातले मौन



१९८१ सालच्या मे महिन्यात फ्रान्स्वा मित्तराँ फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले. राष्ट्राध्यक्षाच्या प्रकृतीविषयी नियमितपणे निवेदन प्रसिद्ध केले जाईल, असा शब्द त्यांनी देशाला दिला होता. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत त्यांची पाठ आणि पाय दुखू लागला. पासष्टीचे गृहस्थ, प्रचाराची दगदग, सततचा प्रवास. शिणवटा असेल, असे कुणालाही वाटावे. नोव्हेंबरमध्ये तपासण्या झाल्या आणि निदान निघाले प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे, तोही हाडांपर्यंत पोहोचलेला. ठरल्याप्रमाणे निवेदने निघत राहिली. त्यांत या आजाराचा उल्लेख मात्र नव्हता. १९९२ साली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा कुठे जगाला ते कळले. ८ जानेवारी १९९६ रोजी मित्तराँ यांचे निधन झाले. त्यानंतर काही दिवसांतच त्यांचे डॉक्टर क्लोद ग्युब्लेर यांनी पुस्तक लिहून त्या निवेदनांमागचे सत्य उघड केले आणि न्यायालयाने त्या पुस्तकाच्या विक्रीवर बंदी घातली.

यातील राजकारण फ्रान्सचे फ्रान्सला लखलाभ. आपल्या विषयापुरत्या दोन गोष्टी मात्र ध्यानात घेण्याजोग्या आहेत. हाडात उतरलेला आजार घेऊन हा मनुष्य चौदा वर्षे जगला, आणि त्यांतील बहुतेक काळ त्याने एका मोठ्या राष्ट्राचा कारभार पाहिला. प्रत्येकाच्या वाट्याला एवढा काळ येत नाही, हे खरे. परंतु ‘हाडात गेला म्हणजे संपले’ हा आपल्याकडचा समज त्याही काळात पुरता खरा नव्हता. दुसरी गोष्ट अशी की, मित्तराँ यांनी दुखणे लपविले ते जनतेपासून. डॉक्टर तर त्यांच्या उशाशीच होते. आपल्या मध्यमवर्गीय घरांतील वडीलधारी माणसे दुखणे लपवितात ती थेट डॉक्टरांपासूनच.

समजा, बाहत्तर वर्षांचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. पहाटे उठणारे, आयुष्यभर सूर्यनमस्कार घातलेले, कुणाकडे पाणीसुद्धा न मागणारे. दीड वर्षापूर्वी प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान झाले, तीन महिन्यांनी एकदा इंजेक्शन सुरू आहे, रक्ततपासणीतील पी.एस.ए.चा आकडा उतरल्याने घर निर्धास्त झाले आहे. अशात एके दिवशी कंबरेच्या वर दुखू लागते. ‘उसण भरली असेल’ असे म्हणून ते तेल चोळून घेतात, गरम पाण्याच्या पिशवीने शेकतात. आठ दिवसांनी औषधांच्या दुकानातून दुखण्याची गोळी येते. बंगळूरच्या मुलाला कळवायचे नाही, अशी पत्नीला ताकीद मिळते. पुढच्या तारखेला डॉक्टर विचारतात, ‘‘कसं काय?’’ उत्तर मिळते, ‘‘उत्तम.’’ हे उत्तर देण्यात त्यांना स्वतःविषयी थोडा अभिमानही वाटतो. सोसण्याची सवय ही ज्यांच्या आयुष्याची कमाई, त्यांना या एका आजारात ती सवयच नडते.

या आजारात पाठीकडे एवढे लक्ष का द्यावयाचे, ते थोडे समजून घेतले पाहिजे. प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, ही मूत्राशयाच्या तळाशी मूत्रमार्गाला वेढून असते. तिच्याभोवतीच्या शिरांचे जाळे कण्यालगतच्या शिरांशी जोडलेले आहे. ऑस्कर बॅटसन या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञाने १९४० साली हे दाखवून दिले. या शिरांना झडपा नसतात. त्यामुळे रक्त दोन्ही दिशांना वाहू शकते आणि कर्करोगाच्या पेशींना कमरेच्या मण्यांपर्यंत जाण्याची वाट सापडते. मणक्यात उतरल्यावर त्या तेथील हाड घडविणाऱ्या पेशींना चेतवितात. नवे हाड तयार होते, पण कच्च्या विटांच्या भिंतीसारखे. दिसायला जाड आणि भार सोसायला दुबळे.

पुढच्याच वर्षी, १९४१ मध्ये, शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनी या कर्करोगाचे पोषण पुरुषी संप्रेरकावर होते आणि ते तोडले की आजार ओसरतो, हे सिद्ध केले. १९६६ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. आजचे इंजेक्शन त्याच तत्त्वावर चालते. हाडांच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली माणसे या उपचाराने काही आठवड्यांत हिंडूफिरू लागतात, ही त्याची थोरवी. मात्र याच उपचाराच्या पोटात पाठदुखीची आणखी कारणे दडलेली आहेत आणि ती कुटुंबाला सहसा कुणी नीट समजावून सांगत नाही.

नेहमीच्या प्रकारच्या इंजेक्शनने पहिल्या एक-दोन आठवड्यांत ते संप्रेरक उतरण्याऐवजी आधी उसळते. आजार हाडात असेल तर त्या दिवसांत दुखणे वाढते. म्हणून डॉक्टर काही दिवस आधी गोळ्या सुरू करतात. त्या गोळ्या ‘इंजेक्शन घेणारच आहोत, मग कशाला’ म्हणून टाळणारे महाभाग असतात. त्यांनी तसे करू नये. पुढे महिने उलटतात तशी हाडे विरळ होतात, स्नायू बारीक होतात, पोट सुटते. वाकून बादली उचलण्याचे निमित्त होते आणि कर्करोगाचा संबंध नसलेला मणकासुद्धा दबतो. शिवाय साठीनंतर कण्याची झीज व्हायचीच. सारांश, उपचार चालू असताना पाठ दुखली म्हणजे आजार वाढलाच, असे धरून हातपाय गाळण्याचे कारण नाही. आणि वयाचे दुखणे म्हणून सोडून देण्याचेही नाही. कोणते दुखणे कशाचे, हे तपासणीवाचून ठरत नाही. साधा एक्स-रे स्वच्छ आला, एवढ्यावरही विसंबू नये. हाडाचा बराचसा भाग खंगल्याखेरीज एक्स-रेमध्ये तो दिसतच नाही.

आता जे सांगावयाचे आहे ते घरातील प्रत्येकाने ऐकावे, विशेषतः स्त्रियांनी, कारण बदल पहिल्यांदा त्यांच्या लक्षात येतो. मणक्यातील गाठ किंवा दबलेला मणका मज्जारज्जूवर दाब आणू लागला, की शरीर काही खुणा करते. दुखणे आडवे पडल्यावर वाढते आणि रात्री झोपू देत नाही. खोकताना, शिंकताना कळ उठते. छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. मग पाय जड होतात, जिना चढताना गुडघ्यातून गळून गेल्यासारखे होते, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. लघवी अडते किंवा नकळत होते, शौचावरचा ताबा जातो. येथे एक फसगत आहे. प्रोस्टेटच्या रुग्णाला लघवीची तक्रार पूर्वीपासून असतेच. त्यामुळे ही नवी तक्रारही जुन्याच खात्यावर मांडली जाते आणि मोलाचे दोन दिवस निघून जातात.

या खुणा दिसल्यावर पुढच्या तारखेची वाट पाहावयाची नसते. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावयाचे आणि ‘यांना प्रोस्टेटचा कर्करोग आहे, पाठ दुखते आहे आणि पायांतली शक्ती कमी झाली आहे’ हे तीन मुद्दे एका दमात सांगावयाचे. तेथे कण्याचा एम.आर.आय. होतो, सूज उतरविणारे स्टिरॉइड सुरू होते आणि मग किरणोपचार की शस्त्रक्रिया, याचा निर्णय होतो. अमेरिकेतील पॅचेल यांच्या गटाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कर्करोगामुळे मज्जारज्जूवर दाब आलेले १०१ रुग्ण होते. शस्त्रक्रिया करून मग किरणोपचार दिलेल्यांपैकी ८४ टक्के रुग्ण उपचारानंतर चालू शकत होते. नुसते किरणोपचार दिलेल्यांपैकी ५७ टक्के. शस्त्रक्रिया प्रत्येकाला झेपते असे नाही. परंतु सर्व तज्ज्ञांचा अनुभव एका मुद्द्यावर जुळतो: जो रुग्ण स्वतःच्या पायांनी रुग्णालयात येतो, तो पुढेही चालत राहण्याची शक्यता पुष्कळ, ज्याचे पाय येण्यापूर्वीच गेले, त्याचे परत येणे अवघड. मुख्याध्यापकांच्या ‘उत्तम’ या उत्तराची खरी किंमत ही आहे.

असा धोका नसेल तेव्हा दुखण्यावर इलाज कोणते? हाडातील एखाद्या ठरावीक जागेच्या दुखण्यावर किरणोपचारांची एकच बैठक पुष्कळदा पुरते. दहा-दहा खेपा घातल्यावाचून उपचार पुरा होत नाही, हा समज परगावाहून येणाऱ्यांना उगाच घाबरवितो. किरण दिल्यावर दोन-चार दिवस दुखणे थोडे वाढू शकते. आराम पडायला काही आठवडे जातात. हाडे सांभाळणारी इंजेक्शने वेगळी. ती सुरू करण्यापूर्वी दातांच्या डॉक्टरांना दाखवून किडके दात काढून घ्यावेत, कारण नंतर दात काढला तर जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. दुकानातून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांपासून मात्र सावध राहावे. लघवी तुंबत असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो. त्यात या गोळ्यांची भर नको.

मॉर्फिनविषयी थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे. हे नाव काढले की घरात शांतता पसरते. आता शेवट आला, किंवा माणूस व्यसनी होणार, असे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीने औषधे द्यावीत, असे सांगितले आणि वरच्या पायरीवर मॉर्फिन ठेवले. आपल्याकडे मात्र त्याच्या आगेमागे, १९८५ साली, अमली पदार्थांचा कायदा आला आणि परवान्यांच्या जंजाळात हे औषध रुग्णांच्या हाती पडेनासे झाले. ज्या देशाच्या शेतांत अफू पिकते, त्याच देशातले रुग्ण तळमळत राहिले, यासारखी शोकांतिका नाही. केरळात १९९३ पासून डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोझिकोड येथे वेदनाशमनाचे काम उभे केले. त्यांच्यासारख्यांच्या पाठपुराव्याने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणे सुकर झाले. मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन तर १९८६ पासून उभे आहे. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या वेळी घेतलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होण्याची भीती फारशी बाळगू नये. बद्धकोष्ठ मात्र हमखास होते. त्यासाठी पहिल्या दिवसापासून डॉक्टरांकडून सारक औषध मागून घ्यावे. इसबगोलवर भागत नाही. कुंथण्याने पाठ किती दुखते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

घरात करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. अंथरुणातून सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या रेट्याने उठावे. जमिनीवरची बैठक आणि उकिडवे बसणे सोडून खुर्ची व कमोड घ्यावा. स्नानगृहात दांडी बसवून घ्यावी. सिलिंडर, पाण्याची बादली, नातवंड, यांपैकी काहीही उचलू नये. हाडात आजार असेल तर हाडवैद्याकडून कणा ‘बसवून’ घेणे किंवा पाठीवर जोरकस मालिश ही साक्षात आफत समजावी. सूर्यनमस्कारांविषयी पुष्कळांना वाईट वाटते. पुढे वाकणे आणि कण्याला पीळ देणे अशा मणक्यांना सोसत नाही. म्हणून ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घालू नयेत. व्यायाम सोडा, असा मात्र याचा अर्थ नव्हे. चालणे आणि व्यायामतज्ज्ञाने आखून दिलेले मांड्यांचे, खांद्यांचे व्यायाम या उपचारात औषधाइतकेच गरजेचे आहेत. झिजणारे स्नायू त्यांनीच टिकतात. दिवसभर पट्टा बांधून पडून राहणाऱ्याची पाठ अधिक दुबळी होते.

राहिला प्रश्न सांगण्याचा. एक वही करावी. दुखणे कुठे, किती वाजता, शून्य ते दहापैकी किती, कशाने वाढले, कोणती गोळी घेतली, शौचाला झाली की नाही, एवढे रोज लिहावे. शिक्षकी पेशातल्या माणसाला हे जमते आणि आवडतेही. जे तोंडाने सांगायला संकोच वाटतो, ते वहीत उतरते. लघवीवरचा ताबा गेल्याचे सुनेसमोर बोलणे कुणाला सोपे जाईल? वही मुकाट्याने डॉक्टरांपुढे सरकविता येते. तपासणीच्या खोलीत रुग्णासोबत पत्नीनेही जावे आणि खुर्चीवर बसून राहू नये, बोलावे. ‘‘हे सांगणार नाहीत, गेले पंधरा दिवस रात्री आडवे पडता येत नाही म्हणून आरामखुर्चीत बसून झोपतात,’’ एवढे एक वाक्य ती बोलली, तर डॉक्टर पेन खाली ठेवतात, रुग्णाला तपासणीच्या टेबलावर घेतात, मणक्यांवर एकेक बोट दाबून पाहतात आणि त्याच दुपारी एम.आर.आय.साठी चिठ्ठी लिहून देतात.