बुद्धी आणि आनुवंशिकता



मूल बुद्धीने मागे राहिले की आईला दोष देण्याची रूढी आम्हांस अन्यायाची वाटते. नॉर्वेच्या डॉ. फोलिंग यांनी १९३४ साली शोधलेला फेनिलकीटोन्युरिया हा विकारच पाहा. त्याचे सदोष जनुक माता व पिता या दोघांकडूनही यावे लागते. मग अन्नातील फेनिलॲलॅनिन रक्तात साठून मेंदूस इजा पोहोचते. जवळच्या नात्यातील विवाहांत हा धोका वाढतो. परंतु डॉ. बिकेल यांनी आहार बदलून एका बालिकेत सुधारणा घडविली व १९५३ साली ते प्रसिद्ध केले. आज टाचेतील रक्ताच्या थेंबावरून नवजात बालकाचे निदान होते. पथ्य तत्काळ आरंभिल्यास बुद्धी वाचते. जनुक तेच, भवितव्य निराळे! म्हणून दोषारोप सोडून तपासणी करवावी, हीच आमची विनंती.